विक्रमी रोलर कोस्टर इतक्या लवकर का थकतात?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी, सीडर पॉइंट नावाचं जुनं मनोरंजन उद्यान आहे. 4 मे 2024 रोजी तिथे 'टॉप थ्रिल 2' हा रोलर कोस्टर लोकांसाठी सुरू झाला. उंची 420 फूट, म्हणजे साधारण चाळीस मजली इमारतीएवढी, आणि वेग ताशी 193 किलोमीटर. लोकांनी त्याची जवळजवळ तीन वर्षं वाट पाहिली होती. 12 मे रोजी तो बंद झाला. गाड्यांमध्ये यांत्रिक बदल करावे लागणार असल्याचं उद्यानाने जाहीर केलं आणि उरलेला सगळा हंगाम तो नुसता उभा राहिला.

पुढच्या फेब्रुवारीत, 28 तारखेला, न्यू जर्सीमधला 'किंगडा का' स्फोटकं लावून पाडण्यात आला. 456 फूट उंचीचा हा कोस्टर जवळजवळ वीस वर्षं जगातला सर्वांत उंच होता. काही सेकंदांत त्याचं पोलाद जमिनीवर आडवं झालं.

या बातम्या वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. एवढा पैसा, एवढे अभियंते, एवढी तपासणी, आणि तरी यंत्र आठ दिवसांत बंद कसं पडतं? उत्तर बहुतेकदा कुणाच्या मूर्खपणात सापडत नाही. ते दोन साध्या गोष्टींत आहे: यंत्राकडून मागितलेली ताकद आणि ती किती वेळा मागितली जाते. या दोन गोष्टींचा गुणाकार बहुतेक फसलेल्या कोस्टरांच्या मुळाशी दिसतो.

आधी हे यंत्र समजून घेऊ

साध्या रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. सुरुवातीच्या चढावर एक साखळी गाडीला धरून सावकाश वर नेते आणि टोकावर सोडून देते. त्यानंतरचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. झोक्याला एकदा मागे ओढून सोडलं की तो आपला आपण हलत राहतो आणि दर खेपेला थोडा कमी वर जातो, तसंच. म्हणून जुन्या कोस्टरांत पहिला चढ सर्वांत उंच आणि पुढचे बहुतेक त्याहून बुटके असतात.

या रचनेत जड काम फक्त साखळी करते आणि तेही संथपणे. विहिरीतून रहाटाने पाणी ओढावं तसं. त्यात तुटण्याजोगं फारसं काही नाही, आणि म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचे काही लाकडी कोस्टर आजही रोज चालतात.

चाकांबद्दलही एक वाक्य सांगायला हवं. गाडीची चाकं रुळाला तीन बाजूंनी धरतात: एक जोडी वरून, एक बाजूने, एक खालून. खालची चाकं असल्यामुळे गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. उलटं होण्याची भीती माणसाला सर्वांत जास्त वाटते, पण अभियंत्याची झोप त्यामुळे उडत नाही. झीज, उष्णता आणि बारीक तडे यांची काळजी त्याला कितीतरी जास्त असते.

वेगाचा हिशेब मात्र निर्दय आहे. वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते. त्यामुळे साखळीने वर नेऊन सोडण्याच्या पद्धतीला एका टप्प्यानंतर मर्यादा येते. डोंगराएवढा चढ न बांधता वेग हवा असेल, तर गाडीला जमिनीवरच जोराचा धक्का द्यावा लागतो. या धक्क्याला 'लाँच' म्हणतात. इथून अडचणी सुरू होतात.

गलोलीचा दगड आणि तिचं रबर

गलोलीतून सुटलेला दगड सगळे बघतात. प्रत्येक वेळी पूर्ण ताणलं जाणारं रबर कुणी बघत नाही.

सीडर पॉइंटलाच 2003 मध्ये 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' सुरू झाला. आजच्या टॉप थ्रिल 2 चा तो आधीचा अवतार. त्याची गलोल अशी होती: पंप तेलाला ढकलून बंद टाक्यांमधला नायट्रोजन वायू दाबून ठेवत. झडप उघडली की दाबलेला वायू तेलाला जोराने बाहेर लोटायचा, त्या तेलावर मोटरी फिरायच्या, मोटरींनी एक प्रचंड ढोल फिरायचा आणि ढोलावर गुंडाळली जाणारी पोलादी केबल गाडीला ओढून न्यायची. सुमारे चार सेकंदांत गाडी शून्यावरून ताशी 193 किलोमीटरवर. मग सरळ वर 128 मीटर आणि पलीकडे सरळ खाली.

आता एक छोटं गणित. हवा आणि घर्षण नसतं, तर 128 मीटर चढायला ताशी 180 किलोमीटर वेग पुरला असता. मिळत होता 193. म्हणजे हवेचा विरोध, चाकांचं घर्षण, समोरचा वारा या सगळ्यांसाठी हातात शिल्लक होती तेरा किलोमीटरची. कधी वारा उलटा असायचा, कधी धक्का किंचित कमी पडायचा, आणि गाडी माथ्यापाशी पोचून थबकायची, मग आली त्याच वाटेने मागे घसरायची. हे घडणार हे गृहीत धरूनच सुरुवातीच्या रुळावर ब्रेक बसवले होते, त्यामुळे माणसं सुरक्षित राहायची. बऱ्याच रसिकांना तर गाडी मागे घसरली की आपलं नशीब उघडलं असं वाटायचं. पण ज्या यंत्राला रोज आपल्या क्षमतेच्या टोकाशी काम करावं लागतं, त्याच्याकडे चुकीला जागा उरत नाही, हे यातून दिसतं.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. लोखंडाची तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच जागा पुन्हा पुन्हा इकडेतिकडे वाकवली की तुकडा हातात येतो. धातूच्या या थकव्याला अभियंते 'फटीग' म्हणतात. समजा, दर मिनिटाला एक गाडी सुटली आणि दिवस दहा तासांचा असला, तर केबलला दिवसात 600 झटके बसतात. शंभर दिवसांत 60,000. यातला एकही झटका केबल तोडण्याएवढा मोठा नसतो आणि तरी सगळे मिळून ती खातात.

किंगडा का 2005 च्या मे महिन्यात सुरू झाला, तो याच तंत्राने, आणखी उंच आणि आणखी वेगवान: साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर. पहिल्याच उन्हाळ्यात लाँचच्या यंत्रणेत बिघाड होऊन तो ऑगस्टपर्यंत बंद राहिला. 2009 मध्ये त्यावर वीज पडली आणि पुन्हा काही महिने गेले. ड्रॅगस्टरचा शेवट यापेक्षा दुःखद होता. ऑगस्ट 2021 मध्ये गाडीचा एक धातूचा भाग निखळून रांगेत उभ्या असलेल्या महिलेला लागला आणि ती गंभीर जखमी झाली. जुन्या रूपात तो पुन्हा उघडलाच नाही.

टॉप थ्रिल 2 मध्ये तेल आणि केबल काढून टाकली. तिथे रुळालगतची विद्युतचुंबकं गाडीला ढकलतात, कशाचा कशाला स्पर्श न होता. गाडी आधी पुढे, मग मागे 420 फुटी उभ्या मनोऱ्यावर, मग पुन्हा पुढे, असा तीनदा जोर घेऊन माथा ओलांडते. कल्पना उत्तम आहे, कारण एका मोठ्या झटक्याऐवजी झोक्यासारखे तीन छोटे झटके पुरतात. म्हणजे जुन्या गलोलीचं दुखणं इथे नव्हतं. दुखणं नव्या गाड्यांत निघालं. 2025 मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तोही अधूनमधून थांबत.

दाबलेल्या हवेची गोष्ट

तेलाऐवजी दाबलेली हवा वापरण्याचाही एक मार्ग होता. जर्मनीत न्युर्बुर्गरिंग या मोटारशर्यतींच्या प्रसिद्ध ट्रॅकशेजारी 'रिंगरेसर' नावाचा कोस्टर उभारला गेला. ताशी 217 किलोमीटर, अशी जाहिरात होती. 2009 मध्ये चाचण्यांच्या काळात त्याच्या हवेच्या यंत्रणेत स्फोट झाला. मग वर्षांमागून वर्षं दुरुस्ती, तपासणी, वाद. अखेर 31 ऑक्टोबर 2013 ला तो लोकांसाठी उघडला, जाहिरातीपेक्षा बऱ्याच कमी वेगाने, आणि चार दिवस चालून कायमचा बंद झाला. चार वर्षांची प्रतीक्षा आणि चार दिवसांचं आयुष्य. या विषयावर वाचताना मला सर्वांत जास्त हळहळ याच कोस्टरबद्दल वाटते, कारण त्याच्यासाठी राबलेल्या माणसांना आपलं काम नीट चाललेलं पाहायलाही मिळालं नाही.

आणि शरीराचं काय?

यंत्र टिकलं म्हणून कोस्टर यशस्वी होत नाही. आत बसलेल्या माणसालाही टिकावं लागतं.

पाण्याने भरलेली बादली हातात धरून गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, ते बादलीच्या तळाशी दाबलं जातं. कोस्टरच्या वळणात आपण त्या पाण्याच्या जागी असतो. हा दाब मोजायचं माप म्हणजे 'जी'. स्वस्थ बसलेल्या माणसावर एक जी असतो. चार जी म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपट ओझं. वळण जितकं आखूड आणि वेग जितका जास्त, तितका हा आकडा वाढतो.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये 'फ्लिप फ्लॅप' नावाचा कोस्टर होता. त्याचं उलटं वळण कंपासने काढल्यासारखं पूर्ण गोल होतं. दिसायला सुंदर, शरीराला भयंकर. पूर्ण गोल वळणात गाडी वर कशीबशी पोचेल एवढाच वेग ठेवला, तरी खालच्या भागात सहा जीचा दाब येतोच. हे कुठल्याही गोल वळणाचं गणित आहे, ते आकाराने लहान असो वा मोठं. शिवाय सपाट रुळावरून गोलात शिरताना दाब हळूहळू न वाढता एकदम आदळतो. फ्लिप फ्लॅपमध्ये बसलेल्यांच्या माना आखडायच्या आणि लोक बसण्यापेक्षा बघणं पसंत करायचे.

1901 मध्ये तिथेच आलेल्या 'लूप द लूप'ने वळण लंबगोल करून हा त्रास बराच कमी केला. पण त्याच्या गाडीत एका वेळी चारच माणसं मावायची, त्यामुळे पैसा उभा राहिना. खरा तोडगा 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या 'रिव्होल्यूशन'मध्ये दिसला. जर्मनीच्या अँटोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगेल यांनी वळणाला उलट्या थेंबाचा आकार दिला: गाडी वेगात असते तिथे, म्हणजे खाली, वळण सैल आणि ती मंदावते तिथे, म्हणजे वर, आवळलेलं. शिरताना दाब हळूहळू चढतो, निघताना हळूहळू उतरतो. तो कोस्टर पन्नाशीपर्यंत पोचला आणि त्याच्यानंतर बांधलेलं जवळजवळ प्रत्येक उलटं वळण त्याच आकाराच्या कुळातलं आहे.

हे एवढं कळल्यावरही चुका होतात. 2010 मध्ये व्हर्जिनियाच्या किंग्स डोमिनियनमध्ये 'इंटिमिडेटर 305' सुरू झाला. 305 फुटांवरून खाली येऊन ताशी सुमारे 145 किलोमीटर वेगाने गाडी एका लांब, जमिनीलगतच्या वळणात शिरायची. दाब काही क्षणांचा असता तर चाललं असतं. पण तो टिकून राहायचा, डोक्याकडचं रक्त पायांकडे उतरायचं आणि अनेकांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. पुढच्या हंगामाआधी ते वळण उखडून जास्त मोठ्या त्रिज्येचं बसवलं. आज त्याच कोस्टरवर प्रेम करणारे असंख्य लोक आहेत.

जपानच्या फुजी-क्यू हायलँडमधल्या 'दो-दोदोनपा'चं तसं झालं नाही. 2001 मध्ये आलेला हा हवेच्या धक्क्याचा कोस्टर 2017 मध्ये आणखी तिखट केला गेला: 1.56 सेकंदांत ताशी 180 किलोमीटर. हिशेब केला तर पाठीवर सरासरी तीन जीपेक्षा जास्त रेटा. 2021 मध्ये काही लोकांची हाडं मोडल्याच्या तक्रारी समोर आल्या, ऑगस्टमध्ये तो थांबवला गेला आणि मार्च 2024 मध्ये तो कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. एका बाबतीत पहिला नंबर गाठायचा हट्ट आणि माणसाच्या मणक्याची मर्यादा, यांत मणक्यालाच मान द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

लाकूड वाकतं, आणि ते त्याचं कामच आहे

लाकडी कोस्टर चालताना हलतो, करकरतो. हे बिघडल्याचं लक्षण समजू नये. बांबू वाऱ्यात वाकतो म्हणून टिकतो, तसाच लाकडी सांगाडा दर गाडीबरोबर थोडा वाकून धक्का जिरवतो. पण त्याची किंमत असते. सांधे सैल होतात, रुळाखालचे लाकडाचे थर झिजतात, मग गाडी हिसके देते, हिसक्यांनी लाकूड आणखी झिजतं. रस्त्यावरचा खड्डा जसा स्वतःच स्वतःला मोठा करतो, तसंच. म्हणून लाकडी कोस्टरचा रूळ तुकड्यातुकड्याने सतत नवा करत राहावा लागतो.

ओहायोच्याच किंग्स आयलंड उद्यानात 1979 पासून 'द बीस्ट' नावाचा लाकडी कोस्टर चालतो. जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर. 2000 मध्ये त्याच्या जोडीला 'सन ऑफ बीस्ट' आला: 218 फूट उंच, 200 फुटांच्या वर गेलेला पहिला लाकडी कोस्टर आणि शिवाय एक पूर्ण उलटं वळणही. जड गाड्या, प्रचंड वेग आणि वाकणारं लाकूड. सुरुवातीपासून हिसक्यांच्या तक्रारी होत्या. जुलै 2006 मध्ये सांगाड्यातलं लाकूड तडकलं, रुळाला खड्ड्यासारखा खोलगट भाग आला आणि त्यावरून गेलेल्या गाडीतले 27 जण जखमी झाले. उलटं वळण काढलं, हलक्या गाड्या आणल्या, 2007 मध्ये पुन्हा सुरू केला. 2009 मध्ये एका महिलेने डोक्याला इजा झाल्याची तक्रार केली आणि तो बंद झाला. 2012 मध्ये पाडला. बाप अजून धावतो आहे, मुलगा दहा हंगामही नीट चालला नाही. दोघांच्या उंचीतला फरक पाहिला की कारण वेगळं सांगावं लागत नाही.

टेनेसीमधल्या डॉलीवूडच्या 'लाइटनिंग रॉड'ची कथा जास्त आशादायक आहे. 2016 मध्ये आलेला हा लाँच असलेला पहिला लाकडी कोस्टर. साखळीऐवजी चुंबकं गाडीला चढावर पळवत न्यायची. पहिली काही वर्षं तो चालू असेल की नाही, याचा भरवसा नसायचा. मग 2021 च्या हंगामासाठी निम्म्याहून जास्त लाकडी रूळ बदलून पोलादी केला आणि 2024 मध्ये चुंबकंही काढून वेगवान साखळी बसवली. ज्या दोन गोष्टींमुळे तो जगावेगळा होता, त्यातली एक बरीचशी आणि दुसरी पूर्णच गेली. विशेषण गेलं, पण लोकांना बसायला मिळू लागलं. उद्यानाने हा निर्णय घेतला याबद्दल मला आदर वाटतो.

"पण संगणकाला हे आधीच कळायला नको का?"

हा आक्षेप रास्त आहे. दाब, वेग, वळणाचा आकार या गोष्टी संगणक आज फार अचूक सांगतो. बसवलेल्या कोस्टरवर माणसांऐवजी पाण्याने भरलेले पुतळे बसवून शेकडो फेऱ्या मारल्या जातात. 2007 मध्ये सीडर पॉइंटच्या 'मॅव्हरिक'मध्ये असंच झालं. चाचण्यांत गाडीला गिरकी देणारा एक भाग फार ताण देतो आहे असं दिसलं, म्हणून उद्घाटन दोन आठवडे पुढे ढकललं आणि तो भाग काढून साधं वळण बसवलं. मॅव्हरिक आजही तिथल्या सर्वांत लाडक्या कोस्टरांपैकी आहे.

चाचणीत न कळणारी गोष्ट म्हणजे काळ. घराचं छप्पर गळतं का, हे पहिल्या पावसात कळतं. बूट चावतो का, हे दुकानात चार पावलं टाकून कळत नाही. तसंच थंड सकाळ, तापलेली दुपार, अर्धी रिकामी गाडी, पूर्ण भरलेली गाडी, धूळ आणि हजारो फेऱ्यांची झीज हे सगळं एकत्र फक्त खऱ्या हंगामात भेटतं. शिवाय पंखे किंवा मोटारी लाखांनी बनतात, पहिल्या हजारांतल्या चुका पुढच्या लाखांत सुधारतात. विक्रमी कोस्टर एकच बनतो. तोच नमुना आणि तोच अंतिम माल.

कधी कधी चूक गणिताच्या आधीच, कल्पनेत असते. किंग्स आयलंडमध्ये 1981 साली 'द बॅट' आला. अमेरिकेच्या अ‍ॅरो कंपनीने बनवलेला हा आधुनिक काळातला पहिला लटकता कोस्टर: रूळ वर आणि डबे खाली टांगलेले, वळणात बाहेर झुलणारे. डबे आपोआप झुकतातच, मग रूळ कशाला तिरपा करायचा, असा विचार करून वळणातले रूळ सपाट ठेवले. भरलेली बादली हातात लटकवून झपकन वळून पाहा. बादली आपोआप बाहेर झुकते खरी, पण ओढ शेवटी खांद्यालाच बसते. बॅटचा खांदा म्हणजे त्याचा रूळ आणि डब्यांचे झोके आवरणारे दांडे. ते सतत झिजत, तडकत राहिले. 1983 च्या हंगामानंतर तो चाललाच नाही.

"बंद पडतो, म्हणजे धोकादायकच ना?"

बहुतेक वेळा उलट असतं आणि ही गोष्ट नीट समजावी अशी माझी फार इच्छा आहे.

कोस्टरचा रूळ मनातल्या मनात काही तुकड्यांत वाटलेला असतो. रेल्वेप्रमाणेच या तुकड्याला 'ब्लॉक' म्हणतात. नियम एकच: एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याची खूण सेन्सरकडून आली नाही, तर मागची गाडी ब्रेकवर आपोआप थांबते. सेन्सरवर धूळ बसली, गाडी नेहमीपेक्षा क्षणभर उशिरा पोचली, एखादा पट्टा लागल्याची खात्री झाली नाही, तरी यंत्रणा थांबते. शंका आली की थांबायचं, असंच तिला शिकवलेलं असतं. चढावर अडकलेल्या गाडीचं छायाचित्र बातमीत भीतिदायक दिसतं, पण त्या क्षणी यंत्रणा आपलं काम चोख करत असते.

धोका सुरू होतो तो त्या थांबण्यावर माणसाचा विश्वास उडाला की. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समधला 'द स्माइलर' 2013 मध्ये 14 उलट्या वळणांच्या विक्रमासह सुरू झाला आणि पहिल्या वर्षांत वारंवार बंद पडत राहिला. 2 जून 2015 ला एक रिकामी गाडी रुळावर अडकून पडली होती. यंत्रणेने मागची, 16 माणसांची गाडी बरोबर थांबवून धरली. तंत्रज्ञांना वाटलं, हा नेहमीसारखा खोटा इशारा आहे. त्यांनी यंत्रणेला बाजूला सारून गाडी पुढे सोडली. टक्कर झाली, कित्येक जण गंभीर जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावा लागला. चालक कंपनीला पुढच्या वर्षी 50 लाख पाउंडांचा दंड झाला.

वारंवार बंद पडणाऱ्या कोस्टरचा खरा तोटा मला इथे दिसतो. रोज खोटी हाक देणाऱ्या यंत्राकडे माणसं दुर्लक्ष करायला शिकतात. म्हणून उद्यानाने कोस्टर बंद ठेवला तर चिडण्याआधी, त्यांनी तो चालू ठेवण्याची घाई केली नाही, हेही लक्षात घ्यावं.

चालतो, तरी मन भरत नाही

काही कोस्टर व्यवस्थित चालतात आणि तरी निराश करतात. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये 2006 पासून 'एक्स्पिडिशन एव्हरेस्ट' आहे. बर्फाच्या डोंगरातून जाताना सुमारे 25 फुटी यांत्रिक यती आपल्यावर झेपावतो, अशी ती गोष्ट. काही महिने तो खरंच झेपावला. मग त्याची हालचाल बंद पडली आणि तेव्हापासून तो स्थिर उभा आहे, त्याच्यावर दिवे लुकलुकवून हलल्याचा भास निर्माण केला जातो. कोस्टर उत्तम आहे, रांगा लागतात, पण गोष्टीचा शेवट अर्धा राहिला आहे.

कधी निराशा नुसती हिशेबाची असते. किंगडा काची फेरी 28 सेकंदांची होती. त्यासाठी दोन तास उभं राहायचं आणि रांगेच्या टोकाशी पोचल्यावर यंत्र बंद झाल्याचं कळायचं, ही खंत खरी आहे.

"मग दुरुस्त का करत नाहीत?"

करतात, जिथे परवडतं तिथे. टेक्सासमधला 'टेक्सास जायंट' हा लाकडी कोस्टर फार हिसके द्यायचा. 2011 मध्ये रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने त्याचा लाकडी सांगाडा बराचसा तसाच ठेवून त्यावर पोलादी रूळ बसवला आणि जणू नवीन कोस्टर जन्मला. सीडर पॉइंटचा 1991 चा 'मीन स्ट्रीक' असाच नकोसा झाला होता. 2018 मध्ये त्याचा 'स्टील व्हेंजन्स' झाला आणि आज जगभरचे रसिक त्याच्यासाठी प्रवास करून जातात. मॅजिक माउंटनच्या 'एक्स'मध्ये आसनं स्वतःभोवती फिरायची, गाड्या अतिशय गुंतागुंतीच्या होत्या आणि 2002 मध्ये तो बराच काळ बंद राहिला. 2008 मध्ये नव्या बांधणीच्या गाड्या आणून त्याला 'एक्स2' केलं.

पण सुटे भाग कुणी बनवत नसेल, मूळ कंपनी बुडाली असेल, किंवा एका कोस्टरच्या देखभालीत दोन नव्यांचा पैसा जात असेल, तर उद्यान शेवटी पाडायचं ठरवतं. एक्स बनवणारी अ‍ॅरो कंपनी त्याच सुमारास दिवाळखोरीत निघाली होती.

ही तीच अ‍ॅरो, जिने बॅट बनवला होता. बॅट बंद पडल्यावर त्यांनी लटकत्या कोस्टरची कल्पना सोडून दिली नाही. पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये, व्हर्जिनियात त्यांचा 'बिग बॅड वुल्फ' सुरू झाला. या वेळी वळणातले रूळ तिरपे होते. तो 2009 पर्यंत, 25 वर्षं चालला. 1993 मध्ये त्यांनी किंग्स आयलंडलाही एक नवा लटकता कोस्टर दिला. 2014 साली, सन ऑफ बीस्टच्या रिकाम्या जागेवर नवा कोस्टर उघडला त्याच वर्षी, उद्यानाने या 1993 च्या कोस्टरचं नाव बदललं. तीन हंगामांत संपलेल्या त्या पहिल्या कोस्टरचं नाव त्याला दिलं: 'द बॅट'.